कैद्यांसाठी देणगी द्यायची तर चादरी-पुस्तकं वाटणाऱ्या संस्थेला द्यावी की हक्कांसाठी भांडणाऱ्या?

भांडणाऱ्या संस्थेला द्या, असं माझं मत आहे. तो पैसा 'नुसता बोलण्यात जातो' ही शंका मात्र समजू शकतो.

मी काही वर्षं अशा संस्थांसाठी देणगीचे अर्ज लिहायचो. त्यात एक रकाना हमखास असायचा: 'लाभार्थी संख्या'. चादरी वाटल्या की 400 लिहून मोकळं होता येतं. पण जामिनाच्या नियमाविरुद्ध खटला चालू आहे, नुसत्या तारखा पडताहेत, तिथे काय लिहिणार? शून्य लिहिलं तर अर्ज बाद, 'सगळे कच्चे कैदी' लिहिलं तर थाप. मग पैसा चादरींकडे वळतो.

1961 मध्ये न्यूयॉर्कमधले उद्योजक लुई श्वाइट्झर यांना कळलं, की निव्वळ जामिनाचे पैसे नाहीत म्हणून माणसं खटल्याआधीच आत सडताहेत. पदरचे पैसे भरून त्यांनी शे-दोनशे जण सोडवले असते, तरी नियम तिथेच राहिला असता. त्याऐवजी त्यांनी हर्ब स्टर्झ या तरुण मासिक-संपादकाला हाताशी धरून 'व्हेरा' ही संस्था काढली (नाव आईचं!). कायद्याचे विद्यार्थी आरोपींना विचारायचे: राहता कुठे, नोकरी आहे का, नातेवाईक कोण? उत्तरं पडताळून, पैसे न घेता सोडायची शिफारस न्यायाधीशांकडे करायचे. सुटलेले बहुतेक सगळे तारखेला हजर झाले. 1966 च्या अमेरिकी जामीन सुधारणा कायद्यामागे हा अनुभव होता.

मोठे दातेही आहेत. 2017 मध्ये कलासंग्राहक अ‍ॅग्नेस गुंड यांनी अमेरिकी चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन यांचं चित्र विकून त्यातले 10 कोटी डॉलर अशा कामाला दिले. तो निधी ठरल्याप्रमाणे 2023 मध्ये बंद झाला. खटले मात्र निधीची मुदत बघून संपत नाहीत.

देण्याआधी एक गोष्ट जरूर विचारा: संस्थेला तुरुंगात जायची परवानगी कोण देतं? आत वर्ग चालवणाऱ्यांचा पास अधीक्षकाच्या सहीवर असतो. मारहाण दिसली तरी बोलायची चोरी. बोललं की पुढच्या महिन्यात पास नाही. त्यांना मी नावं ठेवत नाही, आतल्या माणसाला वर्गही हवाच असतो. पण बोलणारं कुणीतरी बाहेर लागतं, आणि त्याचा पगार तुरुंगाच्या मर्जीवर नसावा.

मी स्वतः दरमहा थोडेच देतो, पण फॉर्मवरचा 'कोणत्या कामासाठी' हा रकाना कोरा सोडतो. ऑफिसचं भाडंही त्यातूनच भरू देत.