वाचकांचे प्रश्न : शोधनिबंधांच्या यादीवरून डॉक्टर कसा ओळखावा?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या डोळ्यात कोरॉइडचा मेलानोमा, म्हणजे दृष्टिपटलामागील रक्तवाहिन्यांच्या थरातील कर्करोगाची गाठ, असल्याचे निदान झाले असून त्यावर रेडिओथेरपी सुचवण्यात आली आहे. ज्यांचे दुसरे मत घ्यायचे आहे, त्या तज्ज्ञांची शोधनिबंधांची यादी मी वाचली. शंभराहून अधिक नोंदींपैकी काही कर्करोगाच्या रेडिओथेरपीवर, तर काही मोतीबिंदू आणि दृष्टिपटलाच्या विकारांवर आहेत. इतके विखुरलेले काम म्हणजे कशातच खोली नाही, असे समजावे का?

उत्तर : नाही, तसे समजू नये. तुमच्या वडिलांच्या आजारात हे दोन्ही विषय एकमेकांपासून वेगळे करताच येत नाहीत. गाठ मारणारे किरण डोळ्याच्या भिंगावर, दृष्टिपटलावर आणि दृष्टिचेतेवरही (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर) परिणाम करतात, आणि त्यातून मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांची हानी उपचारानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी दिसू लागते. भिंग तर किरणोत्सर्गाला इतके संवेदनशील असते की आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०११ साली, किरणोत्सर्गाशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी भिंगाची वार्षिक मात्रामर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) पाच वर्षांच्या सरासरीने २० पर्यंत खाली आणली. तेव्हा गाठीवर उपचार करणारा संशोधक मोतीबिंदूवरही लिहीत असेल, तर त्याने आपल्या उपचाराची किंमत मोजण्याचेही कष्ट घेतले असण्याची शक्यता आहे, आणि माझ्या मते ही जमेची बाजू आहे.

संख्येवर मात्र विसंबू नका. अमेरिका आणि कॅनडातील केंद्रांनी मिळून केलेला कॉम्स हा अभ्यास तुमच्या वडिलांच्या आजाराचाच आहे. त्यातील एका चाचणीत मध्यम आकाराच्या गाठी असलेल्या १३१७ रुग्णांची गटवारी संशोधकांनी स्वतः न ठरवता यादृच्छिक पद्धतीने करण्यात आली. एका गटात डोळा काढला, तर दुसऱ्या गटात आयोडीन-१२५ भरलेली छोटी चकती, म्हणजे प्लाक, डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर काही दिवस शिवून ठेवली. पाच वर्षांनी दोन्ही गटांतील मृत्युप्रमाण जवळजवळ सारखेच, १९ आणि १८ टक्के, होते. डोळा वाचवल्याने आयुष्य कमी होत नाही, हा दिलासा रुग्णांना या एका चाचणीने दिला. याच अभ्यासाने हेही नोंदवले की प्लाक लावलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांची त्या डोळ्याची दृष्टी तीन वर्षांत बरीच खालावली. बारा वर्षांचे मृत्युप्रमाण सांगणारा २००६ सालचा निबंध हा त्या मालिकेतील २८ वा अहवाल होता. एका अभ्यासातून इतके निबंध निघू शकतात, म्हणून शंभर नोंदी म्हणजे शंभर स्वतंत्र शोध नव्हेत.

त्याऐवजी आधी पाहावे ते रुग्णांचा पाठपुरावा किती वर्षे झाला. डोळ्यावरील दुष्परिणाम उशिरा येत असल्याने वर्षभरात थांबलेला अभ्यास या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. त्यानंतर लेखकांमधील स्थान पाहावे. वैद्यकीय निबंधात पहिल्या लेखकाने बहुधा प्रत्यक्ष काम केलेले असते आणि शेवटच्या लेखकाने मार्गदर्शन, पण मोठ्या अभ्यासात नाव मधे असणे कमीपणाचे नाही. आढावा लेख आणि एकेका रुग्णाची हकिकत सांगणारे लेख यांचे वजन मूळ अभ्यासाइतके नसते.

आणखी एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, ती म्हणजे निराशाजनक निकालही प्रसिद्ध केले आहेत का. वयोमानानुसार होणाऱ्या मॅक्युलाच्या (दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या) ऱ्हासावर १९९० च्या दशकात रेडिओथेरपी आजमावली गेली, आणि काटेकोर चाचण्यांमध्ये तिचा ठोस लाभ दिसला नाही. तरीही संशोधक थांबले नाहीत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील स्टार चाचणीत किरणांची १६ ग्रेची (शरीरात शोषल्या जाणाऱ्या मात्रेचे एकक) एकच नेमकी मात्रा दिलेल्या रुग्णांना या आजारासाठी डोळ्यात घ्यावी लागणारी इंजेक्शने कमी लागली. आधीचे अपयश लपवले गेले असते, तर नंतर काय बदलायला हवे हे कोणाला कळले असते?

एच-इंडेक्सचा, म्हणजे संशोधकाच्या निबंधांना इतरांनी किती वेळा संदर्भ दिला यावरून काढलेला, आकडा तुम्ही बाजूला ठेवलात तरी चालेल. वय आणि क्षेत्र यांनुसार तो बदलतो, आणि हात किती सराईत आहे हे तो सांगत नाही.

हात सराईत आहे का, हे यादीतून समजत नाही, म्हणून ते प्रत्यक्षच विचारावे : अशा किती रुग्णांवर आपण प्लाकचा उपचार केला आहे, मात्रा ठरवणारे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आपल्यासोबत आहेत का, वडिलांची गाठ दृष्टिचेतेपासून किती अंतरावर आहे, आणि पुढील पाच वर्षांत त्या डोळ्याने त्यांना काय दिसेल असा आपला अंदाज आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना ते स्वतःच्या रुग्णांची आकडेवारी, त्यातल्या वाईट निकालांसह, पुढे ठेवत असतील, तर त्यांचे मत निश्चिंतपणे घ्या.