पुण्यातल्या मस्टँगचा एअर फिल्टर कधी बदलायचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी, सेकंडहँड घेतलेली. राहायला वाघोली. गाडी फक्त शनिवार-रविवारी निघते, वर्षाकाठी चार-पाच हजार किलोमीटर. सर्व्हिसवाला म्हणतो फिल्टर दरवर्षी बदला, अमेरिकेतले मालक म्हणतात ४८,००० किलोमीटरपर्यंत बघायचीही गरज नाही, आणि मित्राचा आग्रह आहे की धुऊन वापरायचा कॉटन फिल्टर एकदाच बसवून मोकळे व्हा.

माझं मत आधी सांगतो. इंजिनात जाणारी हवा गाळायला कंपनीचा कागदी फिल्टरच ठेवा. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, फिल्टरचा डबा उघडून बघा. १५,००० किलोमीटर किंवा तीन वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा बदला. मध्येच खराब दिसला तर तेव्हाच बदला.

४८,००० चा आकडा खरा आहे. फोर्डच्या अमेरिकन वेळापत्रकात नेहमीच्या वापरासाठी ३०,००० मैल दिलेत, ते तेवढेच होतात. पण त्याच वेळापत्रकात धुळीच्या आणि कच्च्या रस्त्यांसाठी वेगळी नोंद आहे: वरचेवर तपासा, लागेल तसा बदला. वाघोलीच्या खाणी, क्रशर, नगर रोडवर खडी सांडत जाणारे डंपर आणि चहूबाजूंनी चाललेली बांधकामं बघता तुम्हाला लागू होते ती हीच नोंद. दगडाची भुकटी साध्या मातीपेक्षा कडक असते. ती सिलिंडरमध्ये गेली की बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनवरच्या रिंगा घासते, आणि ती झीज भरून येत नाही.

तुमच्या गाडीचं पाच लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना पाच लिटर हवा ओढतं. म्हणजे ६,००० आरपीएमला (मिनिटाला ६,००० फेरे) पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे हवेची झडप पूर्ण उघडी असताना, मिनिटाला जवळजवळ १५,००० लिटर. शहरात थ्रॉटल बहुतेक वेळ मिटलेलाच असतो, त्यामुळे तिथे याचा लहानसा भागच आत जातो. पण एक्स्प्रेसवेवर मोकळा रस्ता मिळाला की त्या कागदावर किती काम पडतं ते यावरून लक्षात येईल.

‘ॲव्हरेज पडलं की बदलू’ या भरवशावर मात्र राहू नका. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या होत्या. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज घटलं. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही, कारण जेवढी हवा आत येते तेवढंच पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो. पिकअप मात्र सहा ते अकरा टक्क्यांच्या आसपास मंदावला. तो तुम्हाला हळूहळू, सवय होत होत जाणवणार, म्हणजे बहुधा जाणवणारच नाही.

आता दर सर्व्हिसला डबा उघडणंही चांगलं का नाही, ते सांगतो. चहाच्या गाळणीत थोडा चोथा बसला की चहा सावकाश पण स्वच्छ गळतो. फिल्टरचंही तसंच आहे. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की बारीक कण जास्त अडतात. कोरा फिल्टर सुरुवातीला थोडी जास्त धूळ सोडतो. शिवाय प्रत्येक वेळी डबा उघडताना वरची धूळ आत सांडण्याची आणि झाकण नीट न बसण्याची भीती असते. नुसता करडा रंग बघून फिल्टर फेकू नका.

बघायचं काय? उघडण्याआधी झाकणाच्या कडा ओल्या फडक्याने पुसून घ्या. फिल्टर बाहेर काढला की घड्या बोटांनी हलकेच फाकवा. तळापर्यंत धूळ भरलेली असेल, घड्या एकमेकींना चिकटल्या असतील, कागद तेलकट किंवा पाणी लागून लाटांसारखा झाला असेल, तर नवा घाला. मग कडेचं रबर बघा, सगळीकडे सारखं दबलेलं हवं. एका कोपऱ्यात चपटं नसेल तर तिथून हवा न गाळता आत जातेय. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपमध्ये पांढरं कोरडं फडकं फिरवा. तिथल्या सेन्सरला धक्का लावू नका. फडक्यावर खरखरीत कण आले तर फिल्टर कितीही नवा असो, गळती आहे, आणि ती आधी शोधायला हवी. ऑइल बदलताना जुन्या ऑइलची लॅबमध्ये तपासणी करून घेतलीत तर सिलिकॉनचा (दगड-मातीच्या धुळीतला घटक) आकडाही हेच सांगतो. तो दर वेळी वाढत असेल तर धूळ आत जातेय असं समजा.

गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरने हवा मारून फिल्टर ‘साफ’ करून देतात, ते करू देऊ नका. त्या दाबाने कागदाचे तंतू फाटतात आणि भोकं डोळ्यांना दिसतही नाहीत. हलकेच आपटून पानं, किडे पाडा, तेवढं पुरे.

कॉटन फिल्टरबद्दल. रोजच्या रस्त्यावर त्याने ताकदीत कळण्यासारखा फरक पडत नाही, कारण चांगल्या स्थितीतला कागदी फिल्टर या इंजिनाला अडवतच नाही. धुऊन तेल लावताना तेल जास्त झालं तर ते उडून एअरफ्लो सेन्सरच्या नाजूक तारेवर बसतं, हवेचं मोजमाप चुकतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. ज्याला तेलाचं प्रमाण नेमकं सांभाळता येतं त्याने जरूर वापरावा. मी क्रशरच्या परिसरात वापरणार नाही.

तुमची गाडी आठवडाभर उभी असते, तेव्हा उंदरांकडे लक्ष असू द्या. डब्यात कापूस, सुतळी, शेंगांची टरफलं आणि कुरतडलेला कागद सापडणं अगदी नेहमीचं आहे. अशा वेळी फिल्टर लगेच बदला आणि डबा पुसून घ्या. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर ही गाडी घालूच नका. हवा ग्रिलच्या मागूनच ओढली जाते, आणि पाणी सिलिंडरपर्यंत गेलं तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेल्या दांड्या) वाकतात.

फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करायचं २०२१ मध्ये जाहीर केलं, त्यामुळे ऐन वेळी पार्ट शोधत बसू नका. चेसिस नंबर देऊन एक फिल्टर आधीच मागवून खोक्यासकट घरात ठेवा. बदलाल तेव्हा तारीख आणि किलोमीटर मार्करने फिल्टरच्या कडेवर लिहा.

आधीच्या मालकाने शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल तर या वेळी नवाच घाला. आणि डबा उघडाल तेव्हा फिल्टरच्या पुढच्या पाइपचा आतून फोटो काढून इथे टाका. रबर नीट बसलंय का ते बघून सांगतो.