माघाच्या जत्रेआधी खोगीर नको

प्रश्न : काका, माझं शिंगरू वीस महिन्यांचं आहे, पण अंगानं थोराड. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला त्याच्यावर बसूनच जायचं, असा धाकट्या भावाचा हट्ट आहे. दोन महिन्यांत तयार होईल का?
– एक वाचक, रायबाग तालुका

उत्तर : नाही होणार, आणि भावाला हे आजच सांगा. शिंगराला जत्रेला जरूर न्या, पण मोरखी (तोंडाला बांधलेला दोर) धरून, चालवत.

थोराड दिसण्यावर जाऊ नका. ओठ वर करून समोरचे दात बघा. बारीक, पांढरेशुभ्र, हिरडीजवळ निमुळते म्हणजे दुधाचे. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडते आणि तिथं रुंद, पिवळसर दात येतात. पुढच्या गुडघ्याच्या वरचं हाड दोन-अडीच वर्षांपर्यंत वाढत असतं, पाठीचे मणके तर पाच-सहा वर्षांपर्यंत भरत असतात.

खानापूरला असताना माझ्या लाल घोडीवर मी दोन वर्षांच्या आतच बसलो होतो. तिसऱ्या आठवड्यात खरारा करताना उजव्या गुडघ्याच्या वर आतल्या अंगाला हात गेला, तर तिथं गरम लागलं. जरा दाबलं तर तिनं पाय झटकन उचलून घेतला. पुढं ती बरी झाली, तरी उतारावर तो पाय आखडूनच टाकायची. चूक माझी होती, भोगलं त्या जनावरानं.

तुम्ही आता रोज पंधरा-वीस मिनिटंच द्या, आठवड्यातून दोन दिवस मोकळं सोडा. एका दिवशी एकच नवी गोष्ट. शेजारी एखादी शहाणी, वयस्क घोडी असली तर तिच्यासोबत बांधावरून चालवा. उसाच्या ट्रॉल्या, बसचा हॉर्न दुरून ओळखीचा होऊ द्या. लांब दोरावर गोल फिरवायचं टाळाच. लहान फेऱ्यात सांध्यांवर पीळ बसतो. आपल्या अंकलीचे माउलींचे अश्वही आळंदीपर्यंत पायीच जातात. घोड्याची खरी मजबुती अशा चालीतच येते.

अडीच वर्षांनी पाठीवर रिकामं पोतं टाकून सवय करा. दात पडत असताना तोंडात लगाम नको, तोंड दुखतं. तीन वर्षं भरली की हलका माणूस, दहा मिनिटं, तेही नुसत्या चालीनं. माणूस आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आतच हवं, कोवळ्या घोड्याला त्याहून बरंच कमी. म्हणून भावाचं वजन किती ते कळवा.