फुकट मिळत होतं, तरी पैसे का मोजले?

प्रश्न : मुलाला सहज सांगितलं की पूर्वी लोक एकेक गाणं पैसे देऊन डाउनलोड करायचे. तो हसलाच. "नॅप्स्टरवर फुकट होतं ना, मग?" मला उत्तर सुचेना. तुम्ही तेव्हा अमेरिकेत होतात, काय झालं होतं नक्की?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी कबूल करतो, मीही फुकट्यांतलाच. शॉन फॅनिंग या बॉस्टनला शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरानं जून १९९९ मध्ये नॅप्स्टर काढलं, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांच्या कॉम्प्युटरमधली गाणी फुकट उतरवून घ्यायची सोय. २००० साली मी न्यू जर्सीत होतो. खोलीत आम्ही तिघं आणि फोनलाइन एक, इंटरनेटही तिच्यावरूनच. रात्री अकराला गाणं उतरवायला लावायचं. अर्ध्या तासानं नव्वद टक्क्यांवर यायचं आणि तेवढ्यात पलीकडचा कोणी कॉम्प्युटर बंद करून झोपायला जायचा. नाहीतर आमच्यातल्याच एकाला घरी फोन लावायचा असायचा. उतरलंच पूर्ण, तर नाव एकाचं, आवाज भलत्याचाच. शेवटची दहा सेकंदं तर हमखास तुटलेली. ज्याला गाण्याचं वेड आहे, त्याला ती दहा सेकंदं छळतात हो!

जुलै २००१ मध्ये कोर्टकचेऱ्यांपायी नॅप्स्टर बंद पडलं. वर्षअखेरीस बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी प्रेसप्ले आणि म्युझिकनेट अशी आपली दुकानं थाटली. महिन्याची वर्गणी भरायची. ती थांबली की उतरवलेली गाणीही मुकी. भाड्याची सायकलच ती. चोर कसा अडवायचा एवढाच विचार त्यात होता, ऐकणाऱ्याचा नव्हता.

२८ एप्रिल २००३ ला ॲपलचं आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. दोन लाख गाणी, प्रत्येकी ९९ सेंट. पहिल्याच आठवड्यात दहा लाख खपली. हा आकडा सगळेच सांगतात. मला त्यामागचे दोन जास्त बोलके वाटतात. विकल्या गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक गाणी अख्ख्या अल्बममधून गेली. आणि त्या दोन लाखांतल्या निम्म्याहून जास्त गाण्यांना निदान एक तरी गिऱ्हाईक भेटलं. नुसत्या हिट गाण्यांवर उड्या पडल्या असत्या, तर असं झालं नसतं. आपलं कधीचं हरवलेलं काहीतरी शोधत आलेली माणसं होती ती. नॅप्स्टरवर रात्री जागवणारीही बरीचशी तीच असणार, असं माझं मत.

सगळं गोड नव्हतं. गाण्याला कुलूप होतं, सुरुवातीला तीनच कॉम्प्युटरांवर चालायचं. ते कुलूप २००९ मध्ये निघालं. भारतात हे दुकान यायला डिसेंबर २०१२ उजाडला. तोवर आपण कॉलर ट्यूनवर पैसे उधळत होतो, ते वेगळंच प्रकरण.

सुरुवातीला दुकान फक्त मॅकवाल्यांसाठी होतं. मी विंडोजवाला, ऑक्टोबरपर्यंत थांबलो. मग पहिलं विकत घेतलं ते नॅप्स्टरवरून आधीच उतरवलेलं एक गाणं. शेवटच्या दहा सेकंदांसकट.