चांगलं बिऱ्हाड टिकवायचं तर भाड्याआधी गच्ची बघा

बेळगावच्या टिळकवाडीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या-किचन, भाडं १२,००० रुपये. नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं असं बिऱ्हाड दोन वर्षं राहून आता दुसरं घर बघतंय. त्यांना थांबवायला भाडं कमी करावं का, असा तुमचा प्रश्न. एवढ्यात कमी करू नका. आधी घरात रोज कशाचा त्रास होतो ते विचारा. मुलांची शाळा जवळ असताना कुटुंब पाचशे रुपयांसाठी सामान हलवत नाही. टेम्पो, हमाल, नवा ॲडव्हान्स यांतच ते पैसे जातात. बहुतेक जण तीच तक्रार तीनदा सांगून कंटाळलेले असतात.

भाडेवाढीचा हिशेब मात्र कागदावर मांडून बघा. १२,००० वर ५ टक्के म्हणजे महिना ६०० रुपये, १० टक्के म्हणजे १,२००. दोन्हींतला फरक महिन्याला ६००. जास्तीच्या ६०० साठी घर एकच महिना रिकामं पडलं तर बुडालेले १२,००० भरून निघायला २० महिने लागतात. वर रंग आणि एजंटचे पैसे वेगळे. माणसं चांगली असतील तर ५ टक्क्यांवर थांबावं, आणि ही वाढ दोन महिने आधी सांगावी.

आता बेळगावातला खरा विषय, पाऊस. जून ते सप्टेंबर भिंती ओल्या राहिल्या की कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, आणि लहान मुलांचं घर तिथूनच मन काढून घेतं. गच्चीचं काम एप्रिलमध्ये काढा. पहिला वळीव पडून गेला की तासाभराने वर जाऊन पाणी कुठे साचलंय तिथे खडूने खूण करा. उतार मीटरला निदान एक सेंटिमीटर हवा. चीर नुसती वरून लिंपली तर पुढच्या उन्हाळ्यात परत उघडते. ती व्ही आकारात खोदून, झाडून, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरायची आणि सुकल्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग मारणं म्हणजे पैसे वाया. आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि रंगाचे फुगे धरतात. गच्ची कोरडी असून खालच्या छताला ओल असेल तर बाथरूम तपासा. न्हाणीचं तोंड बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी २४ तास साठवा आणि खालून बघा.

आणि कपडे वाळायची सोय करा. गच्चीवर दहा बाय दहाचं पत्र्याचं छप्पर, खाली दोऱ्या, बाजू वाऱ्याला उघड्या. आपल्याकडच्या झडीत गृहिणीला याचं मोल मार्बलच्या ओट्यापेक्षा जास्त आहे.

पाण्याचंही तसंच. चोवीस तास नळ नसलेल्या भागात चार दिवसांनी पाणी येत असेल तर माणशी रोज १३५ लिटर धरून चौघांना सुमारे २,१६० लिटर लागतं. हजार लिटरच्या टाकीवर दोन बिऱ्हाडं ठेवली की भांडण ठरलेलंच. मोटारीचं बटण मालकाच्याच घरात असणं ही मोठी चूक. मालक गावाला गेला की वरच्यांची टाकी कोरडी. बटण जिन्यात आणा.

प्रत्येक बिऱ्हाडाला हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, स्वतंत्र मीटर द्या. गृहज्योतीची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेची सवलत भाडेकरूलाही आरआर नंबर (बिलावरचा वीजजोडणीचा क्रमांक) आणि आधार जोडून मिळते. पण दोन घरं एका मीटरवर असतील आणि वापर २०० युनिटांवर गेला तर सगळं बिल भरावं लागतं, आणि मग कोणी किती जाळली यावरून कुरबूर. आधीच्या भाडेकरूचा आधार त्या नंबरावरून काढलाय ना, हेही बघा. बिल कन्नडमध्ये येतं. बदलीवर आलेल्या किंवा कन्नड न वाचणाऱ्या कुटुंबाला ते एकदा समजावून द्या. करारपत्रही त्यांना कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवा, नुसती सही घेऊ नका.

करार ११ महिन्यांचा करतात, कारण एक वर्षाहून जास्त मुदतीच्या कराराला नोंदणी लागते. पण ११ महिन्यांचा करार दरवर्षी एक महिना मागे सरकतो. १ जूनला सुरू झालेला एप्रिलअखेर संपतो, पुढचा मार्चअखेर, तिसरा फेब्रुवारीत, म्हणजे ऐन परीक्षांच्या तोंडावर. तेव्हा भाडेवाढीचा विषय काढणं बरं नव्हे. कागद कधीही नवा करा, वाढ मात्र जूनपासूनच लागू होईल असं त्यात लिहा.

पगारदार भाडेकरू पावती आणि पॅन मागतो. वर्षाचं भाडं लाखावर गेलं की घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी त्याला मालकाचा पॅन द्यावाच लागतो. कराच्या भीतीने नाही म्हणू नका. मालकाने भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट मिळतेच. रोख घेत असाल तर ५,००० वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावा.

घर बघायला जायचं तर आदल्या दिवशी फोन करा. पाहुणे कोण, रात्री उशीर का, असल्या चौकश्या करू नका. मांसाहाराबद्दल काही अट असेल तर ती घर देतानाच सांगा. वर्षभर राहिल्यावर नवे नियम काढले तर माणूस दुसऱ्या दिवशीच घर शोधायला लागतो.

या कुटुंबाशी बोलताना वही घेऊन बसा. गळती, नळ, कडी, जे निघेल ते लिहा, प्रत्येकासमोर तारीख टाका आणि पहिलं काम त्याच आठवड्यात करून द्या. तरीही गेलेच तर खिळ्यांची भोकं आणि फिका पडलेला रंग यांचे पैसे कापू नका, ती रोजची झीज आहे. किल्ली घेताना मीटरचं रीडिंग दोघांनी बघून लिहा आणि ॲडव्हान्स आठवड्याच्या आत परत करा. पुढचं चांगलं बिऱ्हाड बहुतेक वेळा हेच लोक पाठवतात.