२०२२ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) फायनलला मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये कुणाचे सपोर्टर जास्त आलेले, केरळा ब्लास्टर्सचे की हैदराबाद एफसीचे?

केरळाचेच ओ, तुलनाच नाही. मी बेळगावातनं चोर्ला घाटानं गेलेलो, मडगावात जिकडं बघेल तिकडं मल्याळी पोरं, कोकण रेल्वेनं त्यांना सरळ मडगावात उतरता येतंय की. वर २०१४ आणि २०१६ ची फायनल हरलेली, त्यामुळं खुन्नस वेगळीच. हैदराबादचा क्लबच २०१९ चा, त्यात दोन सीझन कोरोनामुळं गोव्यात रिकाम्या स्टेडियममध्ये, फॅन जमणार कधी? फक्त फोटोतला पिवळा रंग बघून मोजू नका, केरळाचा नेहमीचा रंग पिवळा असला तरी त्या दिवशी पिवळी जर्सी हैदराबादची होती, केरळा काळ्या-निळ्यात खेळलं, आणि पिवळ्यातले काही गोव्यातच राहणारे मल्याळी पण असणार. कप मात्र पेनल्टीवर हैदराबादनंच नेला.