लिश्टनश्टाईनला जाताय? मग एक तासात उरकू नका

स्विस टूरवाले राजधानी वाडुझमध्ये बस थांबवतात, फोटो काढा, फ्रिज मॅग्नेट घ्या, चला परत. तुम्ही पहिल्यांदा जाताय तर प्लीज असं करू नका, अख्खा दिवस द्या. देश केवळ 160 चौ. किमी, लोकसंख्या साधारण 40 हजार, स्वतःचा एअरपोर्ट नाही, त्यामुळे स्वित्झर्लंडच्या सार्गान्स किंवा बुक्स स्टेशनवर उतरून बस पकडायची, सार्गान्सहून 11 नंबर थेट वाडुझला जाते. बॉर्डरवर कोणी अडवत नाही, शेंगेन व्हिसा चालतो आणि पैसे स्विस फ्रँकच, म्हणजे वेगळं काही बदलून घ्यायला नको.

वाडुझच्या वरचा किल्ला आतून बघता येत नाही हं, राजघराणं खरंच तिथे राहतं, पण गावातून चढत जाणारी पायवाट नक्की करा, खाली ऱ्हाईन नदीचं खोरं असं काही पसरलेलं दिसतं की पाय निघत नाही. किल्ल्याच्या आवारात जायचंच असेल तर बाल्झर्स गावातला गुटेनबर्ग किल्ला बघा. वेळ उरला तर वाडुझहून स्वित्झर्लंडमधल्या सेवेलेनला जाणारा जुना छपराचा लाकडी पूल चालत पार करा, मध्यावरच देश बदलतो, मुलांना फार आवडतं. आणि हो, या देशाच्या शेजारच्या दोन्ही देशांनाही (स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया) समुद्र नाही, जगात असे देश दोनच, दुसरा उझबेकिस्तान.

डोंगर हवा असेल तर बसने माल्बुनला जा, साधारण 1600 मीटरवर आहे, उन्हाळ्यातसुद्धा जॅकेट लागेल. जेवण महाग पडतं, सुपरमार्केटमधून ब्रेड-चीज घेऊन ठेवा. 15 ऑगस्ट त्यांचाही राष्ट्रीय दिवस, तेव्हा गेलात तर वाडुझमध्ये रात्री आतषबाजी असते, पण राहायची सोय आधीच बुक करा.